गावचा एकजण

सहावीत मला सोमाल्या म्हणायचे.
सातपूरची शाळा, ब्याण्णव साल,
पेपरात तो फोटो आला होता: मोठं डोकं, बरगड्या, डोळ्यावर माशी,
आणि पी.टी.च्या तासाला मी बनियनवर उभा.
नाव ठेवायला कुणाला फार विचार करावा लागला नाही.
पुढे अंगावर मांस आलं, पोट आलं,
नाव उतरलं नाही.
शाळेच्या ग्रुपवर आजही मी तोच.

गंगापूर रोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे,
फार्मसी कॉलेजमागच्या बोळात.
एका दुपारी एक उंच पोरगा आला,
परदेशी नोंदणीचा फॉर्म, फिका निळा पासपोर्ट, चार प्रती.
पासपोर्ट काचेवर पालथा घातला, झाकण लावलं,
हिरवा उजेड इकडून तिकडे गेला
आणि कागदावर देशाचं नाव आलं.
मी दोनदा वाचलं.
कागद गरम होता.

नाव गुलेद. गाव मर्का, समुद्राकाठी.

मागे उभा असलेला एक मुलगा म्हणाला,
"सोमालिया? म्हणजे ते चाचे?"
गुलेद वळला, मोडक्या हिंदीत, गंभीर चेहऱ्यानं म्हणाला,
"हो. जहाज रामकुंडावर लावलंय.
पार्किंगचे वीस रुपये घेतले. चोर कुठले."
सगळं दुकान हसलं. तोही हसला.
हे उत्तर त्यानं पुष्कळ वापरलेलं असणार,
मुठीत धरून धरून छाप उडालेल्या नाण्यासारखं.

कुणी विचारायचं, तिकडे खायला मिळतं का,
तर तो मोबाईल काढायचा:
बहिणीचं लग्न, परातभर भात, भातावर सोललेलं केळं.
"केळं? भातासोबत?"
"तुम्ही शिकरण पोळीशी खाताच की."
एकदा त्यानं मिसळीसोबतही केळं मागितलं.
वाढणारा पोरगा मालकाला बोलवायला गेला.

एका संध्याकाळी मात्र हसला नाही.
इंदिरानगरची खोली, पैसे दिलेले, किल्ली मिळायची होती;
देश ऐकला आणि मालकिणीला आठवलं
की गावाहून पुतण्या यायचाय राहायला.
तो स्टुलावर बसला. मागवलेला चहा निवला.
मग म्हणाला, आमच्याकडे कुणी असं बोललं
तर आजी कवितेत उत्तर द्यायची.
पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच अक्षर.
अक्षर चुकलं की भांडण हरलं.
"इथे मला अक्षरच सापडत नाही."
मी म्हटलं, क घे. कांदा, केळी, कागद, काच, कुलूप.
"कुलूप म्हणजे?"
मी शटरकडे बोट दाखवलं.
"हे राहू दे," तो म्हणाला, "शेवटी लागेल."

तेव्हाच मी त्याला सोमाल्याचं सांगून टाकलं.
का, माहीत नाही. सांगितलं,
आणि टोनर सांडावा तसं झालं,
हात लावीन तिथे काळं.
तो बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिला.

"फोटो खोटा नव्हता," म्हणाला.
"माझ्या मामाचं पोर गेलं त्या साली.
पण फोटोवाला दोन दिवसांत परत गेला.
आम्ही तिथेच होतो, त्यानंतरही.
विहिरी उपसल्या, लग्नं केली, केळी लावली.
त्याचा फोटो कोण काढणार?"

मग विचारलं, "किती वर्षं म्हणतात तुला?"
"तेहेतीस."
"मी बावीसच वर्षांचा सोमाली. तू थोरला.
म्हणजे आपण गाववाले."
म्हणताना हसत होता की नाही, सांगता येणार नाही.
मशीनमध्ये कागद अडकला होता
आणि मी वाकलो होतो.

काल ग्रुपवर आलं:
काय रे सोमाल्या, रविवारी येतोस ना?
अंगठा बराच वेळ काचेवर तरंगत ठेवला.
मग लिहिलं, येतो.
गावचा एकजण सोबत आहे.
केळी आणून ठेवा.